फोनला तुमची मीटिंग कशी कळली?

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

पत्रलेखक सत्तेचाळीस वर्षांचे आहेत, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशिअर. वीसेक वर्षं दारू प्यायले, शेवटी शेवटी तर "बाजारपेठेतून दोघांनी धरून घरी आणायचे". गेले चौदा महिने थेंबही घेतलेला नाही. तीस किलोमीटरवरच्या शहरात दर मंगळवारी आणि शुक्रवारी दारू सोडलेल्यांची मीटिंग भरते, तिथे ते नेमाने जातात. तिथे कुणी आडनाव सांगत नाही, विचारत नाही. घरी बायको आणि थोरला भाऊ सोडून कुणाला या मीटिंगबद्दल माहीत नाही.

पंधरा दिवसांपूर्वी एका सोशल मीडिया अॅपवर 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' या यादीत मीटिंगमधली तीन माणसं ओळीने दिसली. "त्यातल्या एकाचं आडनाव मला पहिल्यांदा तिथे कळलं. मी त्यांचे नंबर सेव्ह केलेले नाहीत, कधी शोधलेलंही नाही." दोन दिवसांनी भाचा त्यांच्या फोनमध्ये काहीतरी करून देत होता. यादी पाहून त्याने विचारलं, "मामा, हे तुमच्या ऑफिसातले का?"

त्यांचा संशय दोन ठिकाणी आहे: एक तर स्पॉन्सरने (मीटिंगमधला जुना सदस्य, नव्याला हात देणारा) नंबर कुणाला तरी दिला, नाहीतर फोन मीटिंगमधलं बोलणं ऐकतो. "त्यामुळे मागच्या चार मीटिंगला गेलो नाही." मुलीसाठी स्थळं पाहणं सुरू आहे. पाहुण्यांकडच्या कुणाला हे दिसलं तर? अकाउंट बंद करू का, स्पॉन्सरला जाब विचारू का, तक्रार कुठे करू, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

उत्तर:

नमस्कार.

तिन्ही प्रश्नांकडे येते. पण पत्र वाचताना मी अडखळले ते चार मीटिंगांच्या वाक्यावर. हे उत्तर तुमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्या सहा झाल्या असतील. खालचं सगळं वाचायचं राहून गेलं तरी हरकत नाही, येत्या मंगळवारी जा. फोनची भीती वाटत असेल तर फोन घरी ठेवून जा.

आता फोन ऐकतो का ते बघू. हा संशय तुमच्या एकट्याचा नाही. माझ्या जावेचीही पक्की खात्री आहे की कुकरबद्दल बोललं की कुकरची जाहिरात येते. २०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड अॅप तपासली. परवानगीशिवाय मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही अॅप त्यांना सापडलं नाही. काही अॅप स्क्रीनवर काय चाललंय त्याची चित्रं मात्र बाहेर पाठवत होती, म्हणजे सगळं आलबेल होतं असं नाही. पण तुमच्या मीटिंगचं कोडं सोडवायला कुणी कान लावून बसायची गरजच नव्हती. ते काम फोनमधल्या नंबरांच्या यादीने केलं.

अॅप पहिल्यांदा उघडलं की ते विचारतं, "तुमच्या मित्रांना शोधू का?" आपण घाईत 'हो' दाबतो. त्या क्षणी फोनमधली नंबरांची अख्खी यादी कंपनीकडे जाते: दूधवाला, मुलीच्या शाळेतल्या बाई, गॅस एजन्सी, डॉक्टर, सगळे. तुम्ही 'हो' दाबलं नसेल. पण तुमचा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांच्यातल्या कुणीतरी दाबलं असेल, आणि तेवढं पुरतं.

मीटिंगमध्ये पहिल्या दिवशी तुम्हाला काय दिलं होतं, आठवतंय का? नवा माणूस आला की जुने लोक आपापले नंबर देतात आणि सांगतात, ग्लास उचलायच्या आधी फोन उचल. रात्री अकरा वाजता तुम्ही कधीतरी तो उचललाही असेल. स्पॉन्सरने तुमचा नंबर सेव्ह केला, तसेच त्या तिघांचेही केले. तुम्हा चौघांकडे एकमेकांचे नंबर नसले तरी चौघेही एकाच माणसाच्या फोनमध्ये आहात. कंपनीच्या यंत्रापुढे हे एवढंच असतं आणि त्यावरून ते सांगतं: ही चार माणसं एकमेकांना ओळखत असावीत. ज्या यादीने तुम्हाला चौदा महिने तारलं, त्याच यादीतून हे निसटलं. स्पॉन्सरने कुणाला काही सांगितलं नाही. त्याने तुमचा नंबर जपून ठेवला, इतकंच.

हा माझाही अंदाजच आहे, कारण कंपनीने कोणत्या कारणाने कोणतं नाव दाखवलं ते ती सांगत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्यातूनही नंबर एकमेकांच्या फोनमध्ये गेले असतील. पण फेसबुकने स्वतःच्या 'तुमच्या ओळखीचे असू शकतील' या यादीमागची जी कारणं जाहीर केली आहेत त्यांत फोन नंबरही आहेत. ही यादी त्यांनी २००८ मध्ये आणली. सामाईक मित्र, एकच ग्रुप, एकाच फोटोत टॅग होणं, एकच शाळा किंवा नोकरीचं ठिकाण, आणि लोकांनी चढवलेले फोन नंबर, अशी ती कारणं. जागेवरून, म्हणजे दोन फोन एका खोलीत होते यावरून, नावं सुचवतात का, याबद्दल २०१६ मध्ये बराच गोंधळ झाला. कंपनी आधी हो म्हणाली, मग नाही म्हणाली, मग म्हणाली की शहराच्या पातळीवर एक छोटी चाचणी केली होती, ती संपली.

त्याच वर्षी कश्मीर हिल या अमेरिकन पत्रकार बाईंनी एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची हकीकत छापली. डॉक्टर फेसबुक फार वापरत नसत, रुग्णांशी तिथे मैत्री तर मुळीच नव्हती. तरीही त्यांच्या रुग्णांना एकमेकांची नावं सुचवली जाऊ लागली. तरुण, बर्फावर खेळणाऱ्या एका रुग्णाला अचानक म्हातारी माणसं दिसायला लागली आणि त्याने हसत हसत ओळखलं की हे सगळे आपल्याच डॉक्टरांकडे येणारे असणार. डॉक्टर मात्र हादरल्या. आपल्या दवाखान्याची यादी आपण कधी कुणाला दिली, हेच त्यांना कळेना. बहुधा दुवा फोन नंबराचा होता. तुमची गोष्ट जवळजवळ हीच आहे, फक्त तुमच्याकडे डॉक्टरांच्या जागी स्पॉन्सर आहे.

मग त्याच्या फोनमधले बाकीचे तीनशे लोक सोडून नेमके हे तिघेच का? यामागचा हिशेब मला आवडतो, म्हणून थोडी थांबते. २००३ मध्ये लाडा अॅडॅमिक आणि एयटन अॅडार या संशोधकांनी एक साधी गोष्ट आकड्यांत बसवली: सामाईक ओळख जितकी कमी लोकांची, तितकी ती जास्त बोलकी. गावातल्या किराणा दुकानदाराच्या फोनमध्ये चार हजार नंबर असतात. त्यात तुम्ही आणि मी दोघं असलो तर त्यातून काही निघत नाही. पण एखाद्या निवृत्त गुरुजींच्या फोनमध्ये चाळीसच नंबर असतील आणि त्यात आपण दोघं असू, तर आपला काहीतरी संबंध असणार. अॅडॅमिक पुढे फेसबुकमध्येच कामाला लागल्या. आजची यंत्रं यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहेत, पण मूळ तर्क हाच. तुमच्या गटातली माणसं थोडी आणि एकमेकांच्या फोनमध्ये घट्ट विणलेली. असा छोटा, दाट गठ्ठा यंत्राला चटकन दिसतो. जी ओळख आपण सर्वांत जपून ठेवतो ती बहुधा अशीच असते.

पण यंत्राला दिसते ती दोन माणसांमधली रेघ. त्या रेघेवर नाव लिहिलेलं नसतं. ही माणसं भिशीतली आहेत, भजनी मंडळातली आहेत, प्लॉटच्या व्यवहारातली आहेत की मीटिंगमधली, हे त्या यादीत कुठेही नाही. भाच्याने काय विचारलं ते तुम्हीच लिहिलंय: "ऑफिसातले का?" त्याच्या डोक्यात पहिलं उत्तर ऑफिस आलं. त्यापुढचं सगळं तुमच्या पोटातल्या भीतीने जोडलं.

दुसरं म्हणजे, ते तिघे तुम्हाला दिसले तसे तुम्हीही त्यांना दिसला असाल. त्यांनाही तुमचं आडनाव पहिल्यांदा तिथे कळलं असेल. त्यांच्यातलाही कुणी पंधरा दिवस झोपला नसेल, आणि हा गृहस्थ यायचा का बंद झाला, या विचाराने आणखी घाबरला असेल.

आता एक गोष्ट विचारते, राग मानू नका. बाजारपेठेतून दोघे जण धरून आणायचे, म्हणजे तुमचं पिणं अख्ख्या पेठेने पाहिलंय. पतसंस्थेत माहीत होतं, पाहुण्यांना माहीत होतं, भाच्याने तर लहानपणापासून पाहिलं असेल. मग आज एवढं जिवापाड लपवताय ते काय? तुमचं सोडणं. पिणं चव्हाट्यावर होतं आणि सोडणं तीस किलोमीटर लांब, आडनाव न सांगता चाललंय. मुलीच्या स्थळाची चौकशी करायला कुणी आलं, तर गाव त्यांना वीस वर्षांची गोष्ट सांगेल. चौदा महिन्यांची सांगायला तुम्ही कुणाला ठेवलेलंच नाही.

याचा अर्थ चौकात जाऊन सांगा असा नाही. 'मीटिंगला जातो' म्हटलं की 'म्हणजे अजून आजारी आहे' असा अर्थ काढणारे लोक आहेत, आणि नोकरी रोकड हाताळण्याची आहे. कधी सांगायचं, कुणाला सांगायचं, हे तुमच्या हातात असायला हवं, आणि यंत्राने तेच हातातून काढून घेतल्यासारखं वाटलं, म्हणून तुम्ही बिथरलात. ते मला समजतं. पण मुलीला माहीत आहे का? पत्रात बायको आणि भाऊ आहेत, मुलगी नाही. स्थळ तिचं आहे. बाहेरच्या कुणाच्याही आधी तिला तुमच्या तोंडून कळावं असं मला वाटतं. ती ओळखून बसलेली असेल, अशीही दाट शक्यता आहे. चौदा महिन्यांत घरातला आवाज बदललेला मुलांना कळतो.

तुमची ओळख उघड करायचा हक्क तुमचा. त्या तिघांची नाही. अशा गटांची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात दोन माणसांपासून झाली आणि नाव न सांगणं हा पुढे त्यांच्या परंपरेचा पायाच झाला. म्हणून भाच्याने पुन्हा विचारलं तर "असतील कुणी ओळखीतले, हे अॅप काहीही दाखवतं" एवढं पुरे. स्वतःबद्दल वाटलं तर सांगा, त्यांच्याबद्दल काही नाही.

अकाउंट बंद करण्याबद्दल. करायचं तर करा, पण ते रामबाण समजू नका. तुमचं अकाउंट गेलं तरी तुमचा नंबर इतरांच्या फोनमध्ये राहतो आणि तिथून चढतच राहतो. फेसबुकच्या एका चुकीमुळे २०१३ मध्ये साठ लाख लोकांचे नंबर आणि ईमेल भलत्यांना दिसले, तेव्हाच जगाला कळलं की आपण न दिलेली, दुसऱ्यांनी चढवलेली माहितीही आपल्या नावाला जोडून ठेवलेली असते. माझ्या मते अकाउंट ठेवा आणि त्याची दारं लावून घ्या.

आधी अॅपच्या सेटिंगमध्ये 'कॉन्टॅक्ट' असा शब्द शोधा. नंबर चढवणं बंद करा आणि आधी चढलेले पुसून टाकायचा पर्याय असतो, तोही वापरा. एकाच कंपनीची दोन-तीन अॅप असतील तर हे प्रत्येकात वेगळं करावं लागतं, लोक इथेच चुकतात. मग फोनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपची कॉन्टॅक्टची परवानगी काढा. नंबरावरून कोण तुम्हाला शोधू शकतं, तिथे 'फक्त मी' ठेवा. मित्रांची यादी इतरांना दिसणार नाही असं करा. ते तिघे सुचवले जातात तिथे 'काढून टाका' दाबा. तरी परत येत असतील तर ब्लॉक करा. त्यांना त्याची सूचना जात नाही, आणि मीटिंगमध्ये आधी सांगून टाकलंत तर कुणाला वाईटही वाटणार नाही.

यापेक्षा भक्कम उपाय हवा असेल तर मीटिंगपुरतं वेगळं सिमकार्ड घ्या आणि ते साध्या, बटणांच्या फोनमध्ये घाला. तो नंबर कुठल्याही अॅपला देऊ नका, त्यावर व्हॉट्सअॅप घेऊ नका. गटातल्या कुणीही तो कितीही वेळा चढवला तरी तो तुमच्या अकाउंटला जाऊन चिकटणार नाही. जुना नंबर त्यांच्या फोनमधून काढायला सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुप असेल तर त्याच्या नावात दारूचा, मीटिंगचा उल्लेख नको, कारण गाडीत शेजारी बसलेल्या माणसालाही ते स्क्रीनवर दिसतं. आणि स्पॉन्सरला विचारा, तुमचं नाव कसं सेव्ह केलंय? 'अमुकभाऊ मीटिंगवाले' असं असेल तर नुसतं नाव करायला सांगा.

हे तुम्ही एकट्याने करून अर्धंच होईल. गटातल्या एकानेही कॉन्टॅक्टची परवानगी चालू ठेवली तर सगळ्यांच्या रेघा परत उमटतात. म्हणून मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी हा विषय काढा. गटातल्या एखाद्या तरुण सदस्याला सगळ्यांच्या फोनमध्ये ही सेटिंग करून द्यायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. दवाखाना, समुपदेशक, आधारगट, यांपैकी कुठेही जात असाल तर वरचं सगळं तुम्हालाही लागू आहे. पण मारहाणीच्या घरातून बाहेर पडून नव्या गावी राहणारी बाई असेल तर तिची गोष्ट वेगळी. तिथे 'यंत्राला कारण कळत नाही' हा दिलासा कामाचा नाही, कारण नुसतं नाव दिसणंही धोक्याचं. नवा नंबर, नवा ईमेल, जुन्या फोनमधले नंबर नव्यात न उतरवणं, आणि जुन्या अकाउंटवर नव्या फोनवरून एकदाही न जाणं, एवढं तिने पाळावं. नवा नंबर माहेरीही मोजक्यांनाच द्यावा, तोही अॅपची परवानगी बंद केलेल्यांना.

तक्रारीचं. सायबर पोलिसांकडे जाण्यासारखा गुन्हा यात मला दिसत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. पण घरगुती, वैयक्तिक कारणासाठी कुणी तुमचा नंबर ठेवला तर तो या कायद्यात येत नाही, आणि यायलाही नको. खरा गुंता पुढे आहे: नंबर तुमचा, 'हो' दाबलं स्पॉन्सरने. ही संमती कुणाची? मला विचाराल तर ती तुमची नव्हती, आणि कंपन्या वर्षानुवर्षं ती तुमची असल्यासारख्या वागतात. युरोपात या मुद्द्यावर दंड झाले आहेत. आयर्लंडच्या नियामकाने २०२१ मध्ये व्हॉट्सअॅपला साडेबावीस कोटी युरोंचा दंड केला, त्यात अॅप न वापरणाऱ्यांचे नंबर कसे हाताळतात ते त्यांना नीट न सांगणं हेही एक कारण होतं.

तुम्ही कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याला लिहू शकता. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे त्याने चोवीस तासांत पोच द्यायची आणि, २०२६ मधल्या दुरुस्तीनंतर, सात दिवसांत तक्रार निकाली काढायची असते (आधी ही मुदत पंधरा दिवसांची होती). 'माझा नंबर सुचवण्यांसाठी वापरू नका' असं स्पष्ट लिहा. बहुतेक ठरीव उत्तर येईल. तरी लिहा, नोंद राहते.

राहता राहिला स्पॉन्सर. जाब विचारू नका. "माझ्या फोनवर आपल्यातली तीन नावं आली, तुमच्याकडे असं होतं का?" असं विचारा. बहुधा तोही म्हणेल, हो, माझ्याकडे तर निम्मी मीटिंग दिसते. शिवाय आज त्याच्याशी बोलायचं निमित्त फोनचं असलं, तरी सहा मीटिंगा चुकल्यावर त्याच्याशी बोलणं फोनपेक्षा तुमच्यासाठीच जास्त गरजेचं आहे.

आणि मंगळवारी फोन घरी ठेवून निघालात, तर त्याचा नंबर कागदावर लिहून शर्टाच्या खिशात ठेवा. परतीच्या वाटेवर स्टँडसमोर दुकानं उघडी असतात.